दालमिल सुरू करताय? आधी माणसं नीट मोजा

भाऊ, मिलमध्ये एकच गडी असला तरी किमान वेतन द्यावंच लागतं. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, जुना दर धरून बसू नका. 10 जण झाले की ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल द्यायची रक्कम), 20 झाले की पीएफ. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तोही दहालाच. त्यात 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेलेच येतात.

खरी गफलत मोजण्यात होते. तुरीच्या हंगामात ठेकेदारामार्फत आलेले मजूरही पीएफसाठी मोजले जातात, आणि पुढे माणसं घटली म्हणून पीएफ आपोआप सुटत नाही. कापलेला हिस्सा आपल्या हिश्शासकट पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरा. पोळ्याची उचल मात्र वेगळ्या पानावर, सहीसकट लिहा. हजेरीपटात मिसळली की मजुरी कमी दिल्यासारखी दिसते.