बायोसच शून्य सांगतो, मग ड्रायव्हरने काय करावं?

प्रश्न: जुना रायझनवाला मिनी पीसी घेतला न लिनक्स टाकलं. बूट होताना एएमडी पीस्टेटचा (प्रोसेसरचा स्पीड सांभाळणारा ड्रायव्हर) एरर येतो, मिन, मॅक्स, नॉमिनल फ्रिक्वेन्सी तिन्ही शून्य, व्हॅल्यू चुकीची आहे म्हणे. मशीन चालतं तसं. दुकानवाला म्हणतो उन्हाने प्रोसेसर गेला, बदला. खरंय का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, या एररवरून तरी प्रोसेसर गेला असं अजिबात म्हणता येत नाही, पैसे खिशातच ठेवा. भुसावळचं ऊन आपल्याला माहितीये, मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, पण उन्हाने प्रोसेसर तापून स्लो होतो, स्पीडचे हे आकडे शून्य होत नाहीत. ते बायोसमधून, म्हणजे बोर्डावरच्या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून येतात.

ड्रायव्हर मॅक्स स्पीड स्वतः मोजत नाही. बायोस त्याला नॉमिनल फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला मूळ स्पीड देतो न परफॉर्मन्सचे काही आकडे देतो, त्याचा गुणाकार भागाकार करून मॅक्स निघतो. आता नॉमिनलच शून्य, तर मॅक्सपण शून्य. रावेरला केळी मोजायला काट्यावर ठेवली न काटा शून्यच दाखवतोय, तर केळी नाहीत असं कोणी म्हणतं का, काटाच तपासतात ना. म्हणून ड्रायव्हर बघतो की आकडा शून्य किंवा उणे आहे का, मिन मॅक्सपेक्षा मोठा आहे का, तसं असलं तर एरर देऊन बाजूला होतो. काही जण म्हणतात अंदाजाने आकडा टाकून द्यायचा होता, मला नाही पटत, कारण चुकीच्या आकड्यावर मशीन चालत राहतं न कोणाला पत्ताच लागत नाही. हां, खात्रीचा आकडा माहिती असला तर गोष्ट वेगळी. एएमडीच्या ईपिक ७के६२ या सर्व्हर प्रोसेसरसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तसे आकडे लिहूनच ठेवलेत, नॉमिनल २६०० न लोएस्ट ५५० मेगाहर्ट्झ, पण तेवढ्याच मॉडेलपुरते.

तुम्ही आधी सिस्टीमच्या सीपीयू फोल्डरात एसीपीआय सीपीपीसी (acpi_cppc) नावाच्या फोल्डरात जाऊन आकडे बघा. तिथे मेगाहर्ट्झ असतात न शेजारच्या सीपीयूफ्रेक (cpufreq) मध्ये किलोहर्ट्झ, तीन शून्यांचा घोळ करू नका, मी स्वतः केलाय. तिथेही शून्यच दिसलं तर बोर्डाचा नवा बायोस शोधा. नाहीच मिळाला तर कर्नलच्या बूट लाइनमध्ये एएमडी पीस्टेट डिसेबल करून जुना एसीपीआय ड्रायव्हर चालवा, त्याला स्पीडच्या सहसा तीनच पायऱ्या मिळतात पण घरच्या कामाला भागतं. आणि बायोस अपडेट यूपीएसवर करा, लोडशेडिंगच्या टायमाला तर हातच लावू नका.