प्रश्न आपले, उत्तर आमचे : चाकांवरच्या घरात राहायला जाताना

प्रश्न : भाड्याचे घर सोडून वर्षभर ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायचे आम्ही पती-पत्नीने ठरवले आहे. एक जुना ट्रेलर पाहिला असून तो आतून अगदी नव्यासारखा दिसतो. खरेदीपूर्वी काय तपासावे आणि तयारी कोणती करावी?

उत्तर : जुना ट्रेलर आतून नव्यासारखा दिसत असेल, तर आधी त्यात कुठे ओल मुरली आहे का, हे शोधावे. अशा ट्रेलरच्या भिंतींत बहुधा लाकडी सांगाडा आणि प्लायवूड असते. छताच्या सांध्यांवरचे सीलंट (फटी बुजवणारा लेप) तडकले, की पाणी आत शिरून वर्षानुवर्षे लाकूड कुजवत राहते आणि नवा रंग ते सहज झाकतो. म्हणून कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांखालची जागा आणि पलंगाखालची जमीन बोटांनी दाबून पाहावी. पृष्ठभाग मऊ लागला, बाहेरच्या भिंतीला फुगवटा दिसला किंवा दार उघडताच कुबट वास आला, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी तो ट्रेलर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शक्य असल्यास ओलावामापक सोबत न्यावा आणि मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा पाहणी करावी.

दुसरा प्रश्न वजनाचा. विक्रेता बहुतेकदा रिकाम्या ट्रेलरचे वजन सांगतो. तुम्ही मात्र भरलेले घर ओढणार आहात आणि केवळ २०० लिटर पाणी म्हणजेच २०० किलो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडी व ट्रेलर यांच्या जोडावर यावा लागतो, कारण तो कमी पडल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. भरलेला ट्रेलर ३,००० किलोंचा असेल, तर हा भार ३०० ते ४५० किलो होतो आणि तो माणसे व सामान यांच्यासह ओढणाऱ्या गाडीच्या भारक्षमतेत बसायला हवा. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होते. कडेवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात.

राहू लागल्यावर आतली वाफ त्रास देते. दोघांचा श्वास आणि स्वयंपाक यांमुळे थंडीत भिंतींना पाणी सुटते, तेव्हा छताची झडप थोडी उघडी ठेवावी आणि गादीखाली हवा खेळती राहील अशा पट्ट्या घालाव्यात. गॅस व कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे सूचक (धोक्याचा इशारा देणारी उपकरणे) चालू स्थितीत असल्याशिवाय एकही रात्र झोपू नये. मैल्याच्या टाकीचा निचरा सतत उघडा ठेवल्यास द्रव वाहून जातो व घट्ट भाग तळाशी साचतो. ती दोन तृतीयांश भरल्यावरच रिकामी करावी.

भाड्याचे घर मात्र लगेच सोडू नका. ते हाताशी असतानाच ट्रेलरमध्ये सलग दोन आठवडे राहून पाहा, आणि त्यांतले काही दिवस बाहेरची वीज व नळजोडणी न घेता काढा, म्हणजे बॅटरी आणि पाणी तुम्हा दोघांना किती दिवस पुरते, हे नेमके कळेल.