पदवीचे गुण कमी असताना वैद्यकीय प्रवेश

प्रश्न : अमेरिकेतील विद्यापीठात पदवी घेताना माझी गुणसरासरी ४ पैकी २.८ राहिली. वैद्यकीय प्रवेशासाठी आत्ताच अर्ज करावा का?

उत्तर : घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम.डी. (अमेरिकेतील डॉक्टरकीची पहिली पदवी) देणाऱ्या महाविद्यालयांच्या सामायिक अर्जप्रणालीत, म्हणजे अ‍ॅमकासमध्ये, विषय पुन्हा घेतला तरी जुने गुण पुसले जात नाहीत, दोन्ही वेळचे गुण सरासरीत धरले जातात, डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची, डॉक्टरकीचीच पदवी) देणाऱ्या महाविद्यालयांच्या अर्जप्रणालीनेही नवे गुण तेवढे धरण्याची सवलत २०१७ मध्ये बंद केली. म्हणून सरासरीपेक्षा चढत्या आलेखावर भर द्यावा. पदवीनंतर जैवरसायनशास्त्रासारखे अवघड विषय घेऊन त्यांत सातत्याने ‘ए’ श्रेणी मिळवावी आणि सराव परीक्षांतले गुण स्थिरावल्यावरच एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी. घसरणीचे खरे कारण अर्जात दोन-तीन वाक्यांत, सबबी न सांगता लिहावे.