वाचक विचारतात : ‘फुजियामा मामा’ आणि एक खटकणारी ओळ

प्रश्न : माझा भाचा मडगावातील एका बँडमध्ये डबल बास (उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य) वाजवतो. गेल्या चतुर्थीला घरी आला असताना त्याने मला वांडा जॅक्सन या अमेरिकी गायिकेचे ‘फुजियामा मामा’ हे गाणे ऐकवले. या प्रकाराला रॉकाबिली म्हणतात आणि ते गाणारी ही पहिलीच स्त्री, असे तो म्हणाला. तिचा आवाज ऐकून मी थक्क झाले आणि नंतर ते गाणे कितीदा तरी ऐकले; मात्र त्यात हिरोशिमा आणि नागासाकी यांची नावे आहेत हे लक्षात आल्यापासून ऐकताना अपराधी वाटते. शीर्षकातला हा ‘मामा’ कोण? आणि असे गाणे आवडणे चूक आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी ‘मामा’विषयी. अमेरिकेच्या बोलीत हा शब्द तरुण, ठसकेबाज स्त्रीसाठी वापरला जाई. आपल्या नात्यातल्या मामाशी त्याचा संबंध नाही. गाण्यातली नायिका स्वतःला जपानच्या फुजी पर्वताची उपमा देते, आणि तो पर्वत ज्वालामुखी असल्यामुळे (त्याचा शेवटचा उद्रेक 1707 साली झाला) आपला स्फोट सुरू झाला की तो कोणालाही आवरता येणार नाही, असे ती प्रियकराला बजावते.

रॉकाबिली हा शब्द ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ यांच्या जोडणीतून आला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या डोंगराळ मुलखातील गोऱ्या खेडुतांना आणि त्यांच्या गाण्याला शहरी लोक तुच्छतेने हिलबिली म्हणत. त्या गाण्यात कृष्णवर्णीयांच्या ब्लूजची लय मिसळली आणि 1954 च्या जुलैत मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने केलेल्या ध्वनिमुद्रणापासून हा प्रकार सर्वतोमुखी झाला. त्या मुद्रणात ड्रम नव्हता. बासवादक तार ओढून सोडून देई, ती लाकडी पट्टीवर आपटे आणि त्या आघातातून तालवाद्याचे काम होई. आपल्या भाच्याला सांगितलेत, तर तो हे मिनिटभरात करून दाखवील.

वांडा जॅक्सन यांचा जन्म ओक्लाहोमातील मॉड या गावी 1937 साली झाला. वडिलांनी त्यांना गिटार शिकवली, पुढे दौऱ्यांवरही तेच सोबत असत. 1955 मध्ये एल्विस यांच्याबरोबर दौरा करताना, कंट्री म्हणजे ग्रामीण बाजाचे गाणे सोडून या नव्या चालीचे गाणे गाऊन पाहा, असा आग्रह एल्विस यांनीच धरला. तरीही ‘पहिली स्त्री’ हे बिरुद मी देणार नाही. जॅनिस मार्टिन 1956 मध्ये, अगदी कोवळ्या वयात, याच बाजाची गाणी गात होती. शिवाय ‘फुजियामा मामा’ हे जॅक हॅमर यांनी लिहिलेले गाणे जॅक्सन यांच्याआधी ॲनिस्टीन ॲलन या कृष्णवर्णीय गायिकेने ध्वनिमुद्रित केले होते. जॅक्सन यांनी ते 1957 मध्ये गायले. मूळ गायिकेचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण तेही मुद्रण अवश्य ऐकावे.

आपण थक्क झालात ते कशामुळे, हे मात्र मला चांगले कळते, कारण गेली अनेक वर्षे हे माझेही अत्यंत आवडते गाणे आहे. ओळीओळीला वाद्ये क्षणभर थबकतात, आणि त्या मोकळ्या जागेत त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा आवाज घशातून खरखरत, गुरगुरत वर येतो, मध्येच उचकीसारखा तुटतो आणि पुन्हा ठोक्यावर येऊन पडतो. आपल्याकडे फुगडी रंगात आली की शब्द मागे राहतात आणि बायका तोंडाने ‘फू फू’ करत श्वासाचाच ताल धरतात; जॅक्सन यांच्या गाण्यात मला तेच बळ जाणवते. तिथे श्वास लपवायचा नसतो. त्या काळी गायिकेने विरहात झुरावे किंवा लाडिक बोलावे अशी अपेक्षा असे, आणि इथे एक मुलगी आपला संताप कोणाचीही क्षमा न मागता उच्चारते.

आता ती ओळ. नागासाकी आणि हिरोशिमा येथे आपण जे केले तेच तुझे करू शकते, असे नायिका प्रियकराला सांगते. त्या दोन शहरांवर 1945 च्या ऑगस्टमध्ये अणुबॉम्ब पडले आणि हे ध्वनिमुद्रण त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी झाले. गाण्यात सूड नाही, राजकारण नाही, हे खरे. पण लाखभराहून अधिक माणसांचे मरण येथे प्रेमातल्या रागाची उपमा म्हणून वापरले आहे, आणि तो दोष गायिकेच्या तारुण्याकडे किंवा त्या काळाच्या रीतीकडे बोट दाखवून पुसता येत नाही. हे गाणे अमेरिकेत चालले नाही, जपानमध्ये मात्र ते 1958 साली अतिशय लोकप्रिय झाले आणि 1959 मध्ये जॅक्सन यांनी तेथे दौराही केला. काही जण याचा दाखला देऊन ‘जपान्यांनाच खटकले नाही, तर आपल्याला का खटकावे?’ असे विचारतात. मला तो युक्तिवाद पटत नाही. तिकडच्या तरुणांनी रेकॉर्ड विकत घेतली म्हणून बॉम्बने होरपळलेल्यांची संमती मिळाली, असे होत नाही.

तेव्हा आवडणे चूक नाही, असेच मी म्हणेन, आणि आपल्याला जे टोचते तेही चूक नाही. ते टोचणे घालवण्याचा प्रयत्न आपण करू नये. मी हे गाणे एकटीने, पूर्ण लक्ष देऊन ऐकते. लग्नाच्या मांडवात किंवा नाचाच्या कार्यक्रमात ते वाजावे असे मात्र मला वाटत नाही. भाच्याच्या बँडला जॅक्सन यांचे काही बसवायचे असेल, तर जेसी मे रॉबिन्सन या गीतकर्तीचे ‘लेट्स हॅव अ पार्टी’ घ्यावे; एल्विस यांच्यानंतर जॅक्सन यांनी ते गायले आणि 1960 मध्ये त्याच गाण्याने त्यांना अमेरिकेत मोठे यश मिळाले. नाहीतर ‘मीन मीन मॅन’ आहेच. ते त्यांनी स्वतः लिहिले आहे, आणि घशातली ती खरखर त्यातही जशीच्या तशी ऐकू येते.