गन रेजिमेंट मिळाली म्हणून तोंड पाडू नकोस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, मित्राला मिसाइल मिळालं आणि मला ही जुनाट एल-70 विमानविरोधी गन, असं लिहिलंयस. इंदूरला आलास की सराफ्यात बसून निवांत बोलूच, पण जॉइन व्हायच्या आधी एवढं ऐक.

जुनी आहे, खरंय. स्वीडनच्या बोफोर्सची ही 40 मिमीची गन, थोरली बहीण एल-60 ही 1930 च्या दशकातली, दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी वापरली. डाइव्ह मारत किंवा कमी उंचीवरून येणाऱ्या विमानाला गाठायचं तिचं काम. राउंडचा गोळा जेमतेम 900 ग्रॅमचा, प्रॉक्सिमिटी फ्यूज (विमानाजवळ येताच गोळा आपोआप फोडणारा) तेव्हा एवढ्याशा गोळ्यात मावत नसे, म्हणजे विमानाला तो प्रत्यक्ष लागायलाच हवा, जवळून गेला तर काही फायदा नाही.

आता हिशोब कर. एल-60 चा राउंड सेकंदाला साधारण 850 मीटरने सुटतो, पुढे वेग कमी होत जातो, दीड किलोमीटरला दोन सेकंदांवर लागतात, आणि ताशी 400 किमीने जाणारं विमान तेवढ्यात दोनशे मीटरच्या वर पुढे सरकलेलं असतं! म्हणजे विमानावर नेम धरलास तर हमखास चुकणार, मारायचं त्याच्या पुढच्या रिकाम्या आकाशात. त्यासाठी ब्रिटिशांनी केरिसन प्रेडिक्टर नावाचं गिअर-चक्रांचं गणिती यंत्र बनवलं. तुझ्याकडे रडार, कॅमेरे असतील पण गणित तेच आहे रे, ते कागदावर स्वतः सोडव, रोज.

आणि पहिले काही दिवस लोडरच्या, म्हणजे गनमध्ये राउंड भरणाऱ्याच्या, जागी उभा राहा, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं. चार राउंडची क्लिप दहाएक किलोची, एल-70 मिनिटाला 240 ते 300 राउंड मारते, म्हणजे क्लिप जेमतेम सेकंदभर पुरते. लोडरचा हात अडखळला की गन गप्प, मग तुझं रडार कितीही भारी असो. ऑफिसर हात लावतो की नुसता ऑर्डर देतो हे जवान बरोबर बघतात.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरला याच एल-70 ने ड्रोन पाडले, नेम धरायच्या सुधारलेल्या साइट्स लावून. स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं मिसाइल किती उडवणार?

फायरिंगला कानात प्लग घाल, सीनियर घालत नसले तरी घाल, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

तुझा,
काका