विरजण हे अभिकारक आहे का? अभिकारकाचं नेमकं काम काय?

नाही, विरजण अभिकारक नाही. अभिक्रियेत जो खर्च होतो आणि ज्याचे अणू नव्या मांडणीने उत्पादितात, म्हणजे तयार होणाऱ्या पदार्थात, जातात, तो अभिकारक. दह्यात हे काम दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, करते. तिचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून लॅक्टिक आम्लाचे चार रेणू होतात. दोन्ही बाजूंचे अणू मोजून बघा, एकही कमीजास्त होत नाही.

विरजणातून येतात ते जिवाणू. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) ही अभिक्रिया वेगाने घडवतात, पण स्वतः त्यात खर्ची पडत नाहीत. म्हणून लिटरभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं. आम्ल वाढत सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन गोळा होतं आणि दूध घट्ट होऊन त्याचं थरथरतं दही होतं. साखर तेव्हाही शिल्लक असते, वाढलेल्या आम्लामुळे जिवाणूच मंदावतात. (साखर उरलेली असते म्हणूनच बाहेर राहिलेलं दही आणखी आंबट होत जातं.)

किती उत्पादित मिळणार हे मात्र अभिकारकच ठरवतात. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्याला ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागतं आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्ल निम्मंच घातलं तर वायूही निम्माच, सोडा कितीही ओता.

शरीरातही तसंच. जोरात धावताना स्नायूंना ऑक्सिजन कमी पडला की ग्लुकोजचं पूर्ण ज्वलन होत नाही, लॅक्टेट साठतं. दह्यातल्या आम्लाचंच हे रूप.