टोमॅटो वाहतुकीसाठी छोटा हत्ती घ्यावा की बोलेरो पिकअप?

तुम्ही लिहिलंय की ४ एकर टोमॅटो आहे, माल नारायणगावला घालायचा आणि तिथे भाव पडला की थेट वाशीला न्यायचा, मधल्या काळात भाडीही मारायची. पुढे विचारलंय, "गावातले म्हणतात छोटा हत्तीच घे, मागे जादा पाटे टाक, ६० क्रेट आरामात जातात. खरं आहे का?"

६० क्रेट जातात. आरामात जात नाहीत, आणि जाऊही नयेत. कोणती गाडी ते पुढे सांगतो. आधी हे पाट्यांचं, म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगच्या पट्ट्यांचं बघू, कारण ह्याच एका वाक्यावरून आमच्या घरात वाद पेटला होता आणि तो अजून विझलेला नाही.

वजन मांडू. क्रेटमध्ये माल २० किलो, रिकाम्या क्रेटचं वजन दीड-दोन किलो, म्हणजे भरलेला क्रेट २२ धरा. ६० क्रेटचे १,३२० किलो झाले. पुढे तुम्ही आणि सोबत एक माणूस, त्यांचे १४०. जवळपास दीड टन. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ साली आला तो पाऊण टन माल नेणारी गाडी म्हणून. नंतर त्यात थोडी जास्त पासिंगची, म्हणजे कायद्याने जास्त वजन चालणारी मॉडेलं आली, पण जिला गावात सगळे छोटा हत्ती म्हणतात ती गाडी ह्याच वजनाची. म्हणजे लोक तुम्हाला दुप्पट माल भरायला सांगतायत आणि वर आरामात म्हणतायत.

माझ्या चुलत्यांकडे, नानांकडे, अशीच एक पाऊण टनाची गाडी होती. आल्या आल्या त्यांनी मागे पाटे वाढवून घेतले. जादा पाट्यांनी होतं काय, तर वजनाने गाडी मागून खाली बसत नाही. ६० क्रेट भरून मागून पाहिलं तरी हौदा सरळ दिसतो आणि आपल्याला वाटतं गाडी वजन पेलतेय. पण ब्रेक तेच, ड्रम तेच, ॲक्सल तोच, टायर तेच. पाटा गाडी उचलून धरतो, थांबवत नाही. हे मी तेव्हाही बोललो होतो. नाना म्हणाले, "सगळी दुनिया भरतीय, तू एकटाच शहाणा."

एका पावसाळ्यात वाशीचा भाव चांगला निघाला म्हणून रात्री माल भरून आम्ही माळशेज घाटाने निघालो. गाडी मी चालवत होतो, नाना शेजारी. आपल्याकडून मुंबईला जाताना भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते, हे लक्षात ठेवा, कारण गाडीचं इंजिन किती ओढतं ह्याची चर्चा सगळे करतात आणि आपला प्रश्न नेमका उलटा असतो. मी दुसऱ्या गिअरवर उतरवत होतो, तरी गाडी सुटायला बघत होती. दीड टन माल मागून रेटत असताना एवढंसं इंजिन किती धरणार! मग ब्रेक. पुन्हा ब्रेक. अर्धा घाट उतरलो नसू, तोवर ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये आला, आणि त्यापुढच्या वळणावर पेडल पायाखालून खाली गेलं. कडक राहिलंच नाही. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा थोडं धरलं. पहिला गिअर कसाबसा पाडला, हँडब्रेक ओढत ओढत रस्ता रुंद होता तिथे गाडी लावली. समोर धुकं, पुढे एका ट्रकचे मागचे लाल दिवे.

खाली उतरून टॉर्च मारला. मागच्या चाकाजवळ पावसाचे थेंब पडत होते आणि पडल्या पडल्या चर्र करून वाफ होत होती. नाना कॅनमधलं पाणी चाकावर ओतायला निघाले, मी हात धरला. एवढ्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर ड्रम तडकतो. तासभर तिथेच उभे राहिलो. पेडल खाली जायचं कारणही सांगतो, कारण नवीन गाडीवाल्यांना ते कुणी सांगत नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या ऐवजी ती वाफ दाबण्यात जातो. गाडीच्या कंपनीचा ह्यात काही दोष नव्हता. त्यांनी पाऊण टनाचे ब्रेक दिले होते, आम्ही त्यांच्याकडून दीड टनाचं काम घेत होतो.

नानांनी मात्र ह्यावर निकाल दिला तो असा, "तुला घाटात गाडी उतरवता येत नाही." लग्नकार्यात चार माणसं जमली की आजही हेच सांगतात. त्यांचं म्हणणं, न्यूट्रल टाकायला पाहिजे होतं, डिझेलही वाचलं असतं. भरल्या गाडीत, घाटात, न्यूट्रल! असलं कुणी शिकवलं तर त्या माणसाच्या गाडीत बसूही नका.

पुढे मी १.७ टनाची बोलेरो पिकअप काढली तेव्हा नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "हप्त्यात मरशील." तुम्हालाही हेच ऐकवतील, म्हणून ह्याचा हिशेब मांडून ठेवा. पासिंगप्रमाणे भरलं तर दोन माणसं धरून छोट्या गाडीत २७ क्रेट बसतात. १.७ टनात ७०. लोक तुलना करताना छोटी गाडी दुप्पट भरलेली धरतात आणि मोठी निम्मी रिकामी धरतात, मग छोटी स्वस्तच पडणार. दोन्ही कायद्याने भरा आणि वाशीच्या एका खेपेचं डिझेल, टोल, हमाली प्रत्येक क्रेटमागे किती पडते ते काढा. हप्ता मोठा आहे हे खरंच, पण त्या हप्त्यात तुम्ही अडीचपट माल विकत घेताय.

कायद्याचंही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००. जादा माल उतरवून ठेवायचा खर्चही आपलाच. "बघून घेऊ" म्हणणारे असतात, पण रात्री रस्त्याच्या कडेला ३० क्रेट उतरवावे लागले तर पहाटेचा बाजार गेला, आणि टोमॅटो काही दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. अपघात झालाच तर जादा वजन हे विमा कंपनीच्या हातात आयतं कारण असतं. लायसनची काळजी मात्र करू नका. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

तर तुमचं वाशी पक्कं असेल तर १.७ टनाची पिकअप घ्या. बोलेरोच पाहिजे असं नाही. इंट्रा व्ही५०, योद्धा, दोस्त प्लस ह्याही दीड टनाच्या आसपासच्या गाड्या आहेत. ज्या गाडीचा मेकॅनिक आणि सामान तुमच्या गावाजवळ मिळतं ती घ्या.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर छोट्या गाडीवर अन्याय होईल. माल नारायणगावपर्यंतच जाणार असेल, दिवसाला २०-२५ क्रेटच निघत असतील, भाडं म्हणजे दुधाचे कॅन, किराणा, गल्लीबोळातलं सामान असेल, तर मोठी गाडी घेऊ नका. ती बोळात वळत नाही, टायर महाग पडतात, आणि रिकामी असली की मागून उड्या मारते, ओल्या रस्त्यावर मागची चाकं सटकतात. परत येताना क्रेट रिकामेच असणार, तेव्हा हे तुम्हालाही जाणवेल. अशा कामाला छोटा हत्तीच बरोबर, फक्त पाटे न वाढवता.

जुनी गाडी बघत असाल तर कागद बघायच्या आधी मागे खाली वाका आणि पाटे मोजा. त्याच मॉडेलची नवी गाडी शोरूममध्ये बघून तिचे पाटे आधीच मोजून ठेवा. एक जरी जास्त निघाला तर ती गाडी जादा भरून पळवलेली असणार असं धरा. मालक कितीही म्हणाला की फक्त शेतावर वापरली, तरी चॅसीला तडे आणि वेल्डिंगच्या खुणा तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि गाडी नवी असो की जुनी, पावसाळ्याच्या आधी ब्रेक ऑईल बदलून घ्या.